एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स: वाटणी करण्यापूर्वी आणि करताना

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक मराठी घरांत संगणक एकच असतो आणि कामे मात्र दोन तऱ्हांची असतात. दुकानाचा हिशेब टॅलीत असतो, लग्नपत्रिका आणि गणेशोत्सवाच्या पावत्या श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत जुळवलेल्या असतात, उद्यमबागेतल्या कारखान्यांची रेखाचित्रे विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. आणि त्याच घरातल्या अभियांत्रिकीच्या मुलाला किंवा मुलीला अभ्यासासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी संगणक प्रणाली, हवे असते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या लॅपटॉपांना विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही. अशा यंत्रावर विंडोज केवळ हिशेबापुरते, शक्यतो इंटरनेटशिवाय वापरावे आणि बँकेचे व्यवहार, ईमेल, अभ्यास यांसाठी शेजारी लिनक्स बसवावे, ही मला सर्वांत व्यवहार्य सोय वाटते.

शेताची वाटणी करताना आधी उतारा पाहतात, मग मोजणी होते आणि बांध सर्वांत शेवटी पडतो. डिस्कच्या वाटणीचा क्रमही तोच आहे. प्रत्यक्ष बांध घालण्याचे काम दहा मिनिटांचे असते. नुकसान होते ते त्याआधीच्या तयारीत काही राहून गेल्यामुळे. संपूर्ण कामात एकच नियम पाळावा: विंडोजची जागा विंडोजच्याच साधनांनी कमी करावी आणि लिनक्सची जागा लिनक्सच्याच साधनांनी मांडावी. एकाच्या जागेला दुसऱ्याचा हात लावू नये.

आधी प्रत, मग बाकीचे

महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवली आहे असे सांगणाऱ्या दहापैकी निम्म्या लोकांनी ती 'डी' ड्राइव्हमध्ये काढलेली असते, असा माझा अनुभव आहे. 'सी' आणि 'डी' ही बहुतेक लॅपटॉपांत एकाच डिस्कच्या दोन भागांची नावे असतात. डिस्कची वाटणी बिघडली, तर मूळ फाइल आणि तिची प्रत दोन्ही एकदमच जातात. प्रत बाहेरच्या डिस्कवरच काढावी. एसएसएलसी आणि पीयूसीची (दहावी-बारावीची) मार्क्स कार्डे, जमिनीच्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती, टॅलीचा डेटा, घरातले फोटो आणि श्रीलिपीतील जुन्या फाइली त्यांच्या फाँटांसह तिच्यावर घ्याव्यात. प्रत काढल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-दोन फाइली खरोखर उघडतात का, हेही पाहावे. याशिवाय किमान १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेऊन त्यावर विंडोजमधील 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' या सोयीने दुरुस्तीची साधने तयार करून ठेवावीत. हा पेनड्राइव्ह लिनक्सच्या पेनड्राइव्हपेक्षा वेगळा असावा.

यानंतरची पायरी म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रथम प्रवेश करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोजच्या होम आवृत्तीत याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात आणि प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर'. रोजच्या वापरात हे कुलूप जाणवतही नाही, कारण यंत्रातील टीपीएम चिप ते स्वतःच उघडत असते. मात्र बायोसमधील, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ व्यवस्थेतील, सिक्युअर बूटसारखी (केवळ स्वाक्षरी केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी) एखादी मांडणी बदलली, की चिप किल्ली देण्याचे थांबवते आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

खानापूर तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर मी स्वतः ही चूक केली. कुलूप आहे की नाही हे न पाहताच बायोसमध्ये एक बदल केला आणि पुढच्या क्षणी निळा पडदा किल्ली मागू लागला. मुलाच्या खात्यात शोधले, तर तिथे किल्लीच नव्हती. लॅपटॉप घेताना दुकानातील कामगाराने सोय म्हणून स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले होते, म्हणून किल्ली त्याच्या खात्यात जमा झाली होती. आणि तो कामगार नोकरी सोडून गावी परतला होता. त्याचा माग काढून ते अंक मिळवण्यात आठ दिवस गेले. तो सापडला नसता, तर आतील फाइली परत मिळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

म्हणून विंडोज ११ च्या सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या विभागात जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का हे प्रथम पाहावे. चालू असल्यास स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किल्ली दिसते याची खात्री करून ते ४८ अंक कागदावर लिहून घ्यावेत. त्यानंतर, घरगुती यंत्र असेल तर, एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्यावी, असे मी सुचवीन. याला डिस्कच्या आकारानुसार वेळ लागतो. तोवर चार्जर काढू नये. यंत्र कार्यालयाचे किंवा कारखान्याचे असेल, तर तेथील जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय यातले काहीच करू नये.

उतारा पाहणे

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडल्यावर डिस्कवर आज काय आहे ते दिसते. साधारणपणे डावीकडे १०० एमबीचे किंवा त्याहून थोडे मोठे ईएफआय सिस्टम पार्टिशन (पार्टिशन म्हणजे डिस्कचा भाग), मध्ये 'सी', आणि उजवीकडे काहीशे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन असते. यांखेरीज १६ एमबीचा आणखी एक राखीव भाग असतो, जो या खिडकीत दाखवला जात नाही. या छोट्या भागांना नावगाव नसते, म्हणून ते निरुपयोगी समजून पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. ईएफआय पार्टिशन गेले, तर विंडोज सुरूच होत नाही. तसेच ५१२ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क येथे ४७६ जीबीचीच दिसते. यात फसवणूक नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते.

याच खिडकीत डिस्कच्या नावावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'व्हॉल्यूम्स' पाहिल्यास वाटणीची पद्धत कळते: जीपीटी किंवा एमबीआर. सोबत 'सिस्टम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड, म्हणजे यंत्र सुरू होण्याची पद्धत, यूईएफआय (नवी) आहे की लेगसी (जुनी), हेही पाहून दोन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात. विंडोज ज्या मोडमध्ये बसलेले आहे, त्याच मोडमध्ये लिनक्स बसवावे लागते; ते न पाळल्यास दोन्ही प्रणाली बसतात, पण सुरुवातीच्या यादीत एकमेकींना ओळखत नाहीत.

जीपीटी असेल तर पुढचा मार्ग सरळ आहे, कारण विंडोज त्यात १२८ भागांपर्यंत जागा राखते. जुन्या यंत्रांवरील एमबीआर पद्धतीत मात्र प्रायमरी भाग चारच असू शकतात, आणि काही उत्पादक ते चारही आधीच वापरून टाकतात. अशा डिस्कवर पाचवा भाग करायला गेल्यास विंडोज ती डायनॅमिक डिस्क करण्याविषयी विचारते. तेथे 'नाही' असेच उत्तर द्यावे, कारण डायनॅमिक केलेल्या डिस्कवर लिनक्सचे सामान्य इन्स्टॉलर काम करू शकत नाहीत आणि डेटा न गमावता मागे फिरणे विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी होत नाही. अशा यंत्रात वाटणीचा नाद सोडून दुसरी डिस्क बसवणे बरे.

किंबहुना डेस्कटॉप संगणक असेल, तर माझा सल्ला नेहमीच दुसऱ्या डिस्कचा असतो. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी घ्यावी, यंत्र बंद करून विंडोजच्या डिस्कची केबल काढावी, एकट्या नव्या डिस्कवर लिनक्स बसवावे आणि मग केबल पुन्हा जोडावी. सुरू करताना बूट मेनूच्या कळीने, अनेक यंत्रांत ती एफ १२ असते, हवी ती डिस्क निवडता येते. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर चूक करता येत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. पुढील मजकूर ज्यांच्याकडे एकच डिस्क असलेला लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी आहे.

विंडोजकडून जागा मोकळी करून घेणे

प्रथम 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवण्याचा दुवा आहे, त्यात ही खूण काढता येते. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. गाभा झोपी जातो आणि फाइल व्यवस्थेची अर्धवट स्थिती डिस्कवर तशीच राहते. त्या अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या भागात काही लिहिले गेले, तर फाइली बिघडू शकतात. म्हणूनच लिनक्स असा भाग बहुधा केवळ वाचण्यापुरता उघडते आणि लोक मग लिनक्सलाच दोष देतात. विंडोजचे मोठे अद्यतन झाल्यावर ही खूण पुन्हा चालू झालेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

आता 'सी'वर उजवी क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे. येथे आकडा एमबीमध्ये मागितला जातो: १०० जीबी हवे असतील तर १,०२,४०० लिहावे. उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित आवृत्तीसाठी २५ जीबी ही किमान मर्यादा सांगितली जाते, पण एवढ्यात बसवलेले लिनक्स वर्षभरात गुदमरते. ८० ते १०० जीबी द्यावेत. विंडोजकडे मात्र त्याच्या आजच्या वापराहून किमान ४०-५० जीबी अधिक राहतील, असे पाहावे.

पुष्कळदा डिस्क निम्मी रिकामी असूनही विंडोज जेमतेम १०-१५ जीबी मोकळे करायला तयार होते. याचे कारण असे, की पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि सिस्टम रिस्टोअरच्या नोंदी 'सी'च्या मध्ये किंवा टोकाला ठाण मांडून बसलेल्या असतात आणि विंडोज चालू असताना त्या हलवता येत नाहीत. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद कराव्यात, यंत्र रीस्टार्ट करावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. काम झाल्यावर पेजफाइल आणि रिस्टोअर आठवणीने परत चालू करावेत. एवढे करूनही जागा पुरेशी मिळाली नाही, तर आहे तेवढ्यावर समाधान मानावे किंवा दुसऱ्या डिस्कचा विचार करावा. 'सी' जबरदस्तीने सरकवणारी तयार सॉफ्टवेअरे मिळतात, परंतु भाग सरकत असताना वीज गेली, तर हाती काहीच राहत नाही. खानापूरकडे आषाढ-श्रावणात असा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. डेस्कटॉपला यूपीएस असल्याशिवाय आणि लॅपटॉपची बॅटरी धड असल्याशिवाय वाटणीच्या कोणत्याही पायरीला हात घालू नये.

आकुंचन झाल्यावर 'सी'च्या उजवीकडे काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' जागा दिसते. ती तशीच राहू द्यावी. तिच्यावर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करू नये, नाव देऊ नये, फॉरमॅट करू नये. यंत्र एकदा रीस्टार्ट करून विंडोज पूर्वीसारखे चालते याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे.

पेनड्राइव्ह

उबुंटू २४.०४ ची फाइल सुमारे ६ जीबीची आहे आणि लिनक्स मिंट २२ या दुसऱ्या आवृत्तीची साधारण त्याच्या निम्मी. दोन्हींना २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल डेटावर एवढी फाइल उतरवणे कठीण असल्याने ती मित्राकडून पेनड्राइव्हवर आणण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र अशा फाइलीची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे पटवणारी अक्षरांची ओळ, विंडोजच्या 'सर्टयूटिल' या आज्ञेने काढून अधिकृत संकेतस्थळावरील बेरजेशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक असला, तर ती फाइल टाकून द्यावी. बेरीज जुळल्यावर रुफस या सॉफ्टवेअरने फाइल पेनड्राइव्हवर चढवावी. जीपीटी डिस्क असल्यास तेथेही जीपीटी आणि यूईएफआय हेच पर्याय घ्यावेत. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही यात पुसले जाते.

पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर लगेच इन्स्टॉल करू नये. डिस्कला न शिवता लिनक्स वापरून पाहण्याची सोय असते. तिच्यात वायफाय, आवाज, टचपॅड यांची परीक्षा घ्यावी. कीबोर्डच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही जोडून पाहावेत. इन्स्क्रिप्ट मांडणीत दोन्ही लिप्यांची समान अक्षरे त्याच कळांवर असतात, त्यामुळे एक येणाऱ्याला दुसरी जवळजवळ आपोआप येते. आणि ज्यांचा हात कचेरीतील 'नुडी' या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या मांडणीवर बसलेला आहे, त्यांना यादीत 'मराठी कगप' असेही एक नाव सापडेल: कन्नड गणक परिषदेच्या मांडणीचे ते मराठी रूप आहे. सीमाभागातल्या टंकलेखकाला याहून सोयीचे काही मी पाहिलेले नाही.

सिक्युअर बूट बंद करण्याची गरज सहसा नसते, कारण उबुंटू आणि मिंट या दोन्हींकडे त्यासाठी स्वाक्षरी केलेले बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) आहेत. काही इंटेल लॅपटॉपांत मात्र डिस्कच दिसत नाही. तेथे बायोसमध्ये साठवण 'आरएसटी' किंवा 'रेड' पद्धतीवर ठेवलेली असते आणि ती 'एएचसीआय' करावी लागते. हा बदल थेट केल्यास विंडोज सुरू होत नाही. त्यासाठी आधी विंडोजमधील 'सिस्टम कॉन्फिगरेशन'च्या बूट विभागात 'सेफ बूट'ची खूण करावी, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावे आणि मग ती खूण काढून टाकावी. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो; तो आधीच आठवून ठेवावा.

बांध घालणे

इन्स्टॉलर डिस्कविषयी विचारतो तेव्हा 'इरेज डिस्क' हा पर्याय पहिल्यांदाच डोळ्यांसमोर येतो, आणि या संपूर्ण कामातील सर्वांत महाग क्लिक तीच आहे. विंडोजच्या शेजारी बसवण्याचा तयार पर्यायही असतो. पण तो कोणती जागा घेणार हे स्पष्ट दिसत नसेल, तर हाताने मांडणी करण्याचा पर्याय घ्यावा. मिंटमध्ये त्याचे नाव 'समथिंग एल्स' आहे.

येथे 'सी', 'डी' ही नावे नसतात. डिस्क 'एसडीए' किंवा 'एनव्हीएमई०एन१' अशा नावाने येते आणि तिच्यापुढे भागाचा क्रमांक असतो. नावांवर विसंबू नये, आकारांवर विसंबावे: आपण लिहून ठेवलेल्या आकारांशी एकेक ओळ ताडून पाहावी. 'फ्री स्पेस' म्हणून दिसणारी, आपण मोकळी केलेलीच जागा निवडून तिच्यावर ईएक्सटी४ या लिनक्सच्या प्रकारचा एक भाग करावा आणि त्याचा माउंट पॉइंट (तो भाग लिनक्समध्ये जिथे जोडला जातो ती जागा) '/' ठेवावा. स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या जागेसाठी, वेगळा भाग लागत नाही, फाइलीने काम भागते. 'होम'साठी, म्हणजे स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरसाठी, वेगळा भाग करावा असे अनेक जाणकार सांगतात, पण १०० जीबीचे पुन्हा दोन तुकडे केल्याने नवख्या माणसाची अडचणच अधिक होते, असे माझे मत आहे. आधीचे ईएफआय पार्टिशन वापरायचे आहे, फॉरमॅट करायचे नाही. त्याच्या ओळीतील फॉरमॅटची खूण रिकामी आहे हे दोनदा पाहावे. शेवटी होणाऱ्या बदलांची यादी समोर येते. तीत फक्त नव्या भागाचे नाव असावे. विंडोजच्या एखाद्याही भागाचा उल्लेख दिसला, तर मागे यावे. तोवर डिस्कवर काहीही लिहिलेले नसते.

दोघांच्या वापराच्या फाइलींसाठी सामाईक जागा हवी असल्यास ती एनटीएफएस या विंडोजच्या प्रकारात, विंडोजमधूनच तयार करावी. लिनक्सला ती लिहिता-वाचता येते, उलट विंडोज ईएक्सटी४ स्वतःहून उघडत नाही. विंडोजमध्ये एखाद्या अनोळखी ड्राइव्हचे नाव घेऊन 'फॉरमॅट करू का' असा प्रश्न आला, तर तो लिनक्सचा भाग समजावा आणि ती खिडकी बंद करावी.

बसवल्यानंतर

यंत्र सुरू होताना ग्रब नावाचा मेनू येतो आणि त्यात लिनक्स व 'विंडोज बूट मॅनेजर' दोन्ही असतात. मेनू न येता थेट विंडोज उघडले, तर घाबरू नये. बायोसमधील बूटक्रमात उबुंटूचे नाव वर आणावे. विंडोजच्या अद्यतनानंतर हा क्रम कधीकधी बदलतो. ऑगस्ट २०२४ मधील एका सुरक्षा अद्यतनाने तर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक दुहेरी यंत्रांवरील जुने लिनक्स बूटलोडरच नाकारले होते. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करावे लागले. म्हणून लिनक्सचा पेनड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नयेत.

घड्याळाची एक गंमत जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते. दुपारी बारा वाजता विंडोज सकाळचे साडेसहा दाखवते. मदरबोर्डवरील घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. फरक बरोबर साडेपाच तासांचा पडतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा रोमन अक्षरांत (timedatectl set-local-rtc 1) दिली की तंटा मिटतो. आमच्या भागात आरटीसी म्हटले की तलाठ्याकडचा पहाणी-उतारा आठवतो; येथे तो शब्द घड्याळाचा आहे, एवढे लक्षात ठेवावे.

पुढेमागे लिनक्स काढून टाकायचे ठरले, तर क्रम उलटा करू नये. प्रथम बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणावे, विंडोज थेट सुरू होते हे पाहावे, आणि त्यानंतरच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचा भाग पुसावा. भाग आधी पुसला, तर ग्रब आपल्या फाइली शोधत राहतो आणि काळ्या पडद्यावर नुसती त्याची ओळ लुकलुकते. मोकळी झालेली जागा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने 'सी'ला परत जोडता येते, पण ती 'सी'च्या लगेच उजवीकडे असली तरच. मध्ये सामाईक भाग केलेला असेल, तर त्यातील फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवून तो भाग आधी काढावा लागतो.